भाड्याची गाडी, एकांताचा किनारा आणि चांदाची तारीख

नेरे (ता. पनवेल) : आमचे गाव समुद्राकाठचे नव्हे. पाठीशी माथेरानचा डोंगर आणि गावाजवळून पनवेलकडे वाहणारी गाढी नदी, एवढाच आमचा पाण्याशी रोजचा संबंध. तरीही ईदच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला आमच्या घरांत बासी ईद म्हणतात, पनवेल परिसरातून निघणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे तोंड कोकणच्या किनाऱ्याकडे असते. याचे कारण व्यापारी वाचकांस सांगावयास नको. रमजानचा महिना म्हणजे कापडवाल्याची, शिंप्याची आणि भरतकाम करणाऱ्या कारागिराची झोप हरवण्याचा महिना. चांदरातीला दुकानाचे शटर पहाटे खाली येते. मग एक दिवस तरी घरच्यांना घेऊन कोठे तरी शांत ठिकाणी जावे, असे वाटते. बायकांना गर्दी नको असते. मुलांना वाळू हवी असते. म्हणून माहितीतला एखादा एकांताचा किनारा शोधला जातो, आणि सगळे घर मावेल अशी गाडी भाड्याने घेतली जाते.

व्यापाराच्या पानावर हा सहलीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गाडी भाड्याने घेणे हा सौदाच आहे. त्यात माल आहे, दाम आहे, कागद आहे, जोखीम आहे. कापडाचा ताका घेताना आम्ही तो उलटून पाहतो, काठ तपासतो, मोजतो, बिल मागतो. आणि ज्या गाडीत आपली मुलेबाळे बसवतो तिचे कागदही पाहत नाही. या चुकीची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. तो प्रकार आधी सांगतो.

आमच्या घरचा प्रकार

२०२३ साली ईद २२ एप्रिलला झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या भाच्याने ओळखीच्या एका भरतकाम कारागिराकडून सात आसनांची गाडी दोन दिवसांसाठी घेतली. कारागिराने ती जुनी गाडी कर्जावर घेतली होती. हप्ता भागावा म्हणून सणासुदीला ती ओळखीच्या लोकांना भाड्याने देत असे. नंबराची पाटी पांढरी, म्हणजे गाडी खासगी. भाच्याने आम्हांला विचारले, "मामू, लिहून घेऊ का काही?" आम्हीच म्हणालो, "घरचा माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्य आम्ही पुढे अनेकदा आठवले.

मंडळी श्रीवर्धन तालुक्यातील एका निर्जन किनाऱ्यावर सकाळी साडेअकराच्या सुमारास पोहोचली. समोर ओली, घट्ट, सपाट वाळू. पाणी बरेच लांब. सामान उचलून न्यावयास नको म्हणून गाडी थेट वाळूवर, पाण्याच्या अंगाला उतरवली. जेवण झाले, मुले खेळली. दीडच्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आले की पाणी चाकांना लागले आहे. गाडी मागे घेऊ गेले तर चाके जागीच फिरू लागली. जितका जास्त जोर दिला तितकी ती खाली गेली. दोन वाजेपर्यंत लाटा दारावर आपटू लागल्या. बायकामुले सुखरूप बाहेर आली, ही अल्लाहची मेहेरबानी. गावातल्या लोकांनी दोर आणि ट्रॅक्टर आणला, पण तोवर खारे पाणी इंजिनात शिरले होते. गाडी ओढून वर घेतल्यावर ती चालू होते का म्हणून चार वेळा किल्ली फिरवली गेली. उरलेसुरले काम त्याने पुरे केले.

विमा कंपनीच्या माणसाने विचारले, गाडी भाड्याने दिली होती का? कारागिराने खरे ते सांगितले. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर बसत नाही, असे म्हणून दावा नामंजूर झाला. गाडी तीन महिने गॅरेजमध्ये, कर्जाचे हप्ते चालू, आणि दोन्ही घरांत बोलचाल बंद. शेवटी चार वडीलधाऱ्यांनी बसून खर्च निम्मा-निम्मा केला. आमच्या वाट्याचा निम्मा म्हणजे त्या ईदच्या हंगामातला आमचा जवळजवळ सगळा नफा. कारागिराच्या वाट्याला आले ते आणखी जड होते, कारण त्याच्याजवळ दुकान नाही, हातच आहेत. गाडी मोडीच्या भावात विकून तो पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात बसला. त्याला सौदा करताना कोणी दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर हे टळले असते. म्हणून हा लेख.

पाटीचा रंग पाहा

रस्त्यावरची गाडी कोणत्या कामाची आहे हे तिची पाटीच सांगते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही आणि घेऊही नये. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याने मिळणारी परवान्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवावयाची भाड्याची गाडी. हा तिसरा प्रकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली येतो. त्या कलमाखाली मोटारींसाठी १९८९ मध्ये आणि मोटारसायकलींसाठी १९९७ मध्ये केंद्र सरकारने योजना केल्या.

पांढरी पाटी स्वस्त पडते, हे खरे. परंतु ती स्वस्ताई म्हणजे बिलाशिवाय घेतलेला माल. जोवर काही होत नाही तोवर फायदा, आणि काही झाले की विमा, पोलीस आणि ओळख ही तिन्ही दारे एकाच वेळी बंद.

गाडी घेण्यापूर्वी नोंदणी, विमा, परवाना, फिटनेस आणि पीयूसी हे कागद पाहावेत. आजकाल ते मोबाइलवरही दाखवता येतात. विम्याची शेवटची तारीख सहल संपण्याच्या पुढची असावी. गाडीच्या चारी बाजूंचे आणि आतले फोटो मालकासमोर काढावेत. जुना ओरखडा परत करताना नवा ठरतो, हा अनुभव अनेकांचा आहे. स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का, स्टेपनीत हवा आहे का, ब्रेक आणि वायपर चालतात का, हे दहा मिनिटांचे काम आहे.

मग कराराचा कागद. किती दिवस, किती किलोमीटर, जास्त झाल्यास काय दर, इंधन कोणाचे, अनामत किती आणि ती कधी परत, बिघाड झाल्यास कोणाला फोन, नुकसान झाल्यास कोणाचा किती वाटा, आणि कोण कोण गाडी चालवणार. एवढे एका पानावर मावते. मराठीत ज्याला आपण अनामत म्हणतो तो शब्द मूळचा अमानतच आहे. मालकाजवळ आपले पैसे अमानत, आपल्याजवळ त्याची गाडी अमानत. दोन्हींचा हिशेब लेखी असला म्हणजे मने स्वच्छ राहतात.

चांदाची तारीख आणि भरतीची वेळ

आता मुख्य मुद्दा. आमच्या भाच्याची गाडी ज्या पाण्याने गाठली ते पाणी अचानक आले नव्हते. ते कोणत्या वेळी येणार हे कोकणातल्या कोणाही कोळ्याला आदल्या दिवशीच सांगता आले असते.

भरती-ओहोटी चंद्रावर चालते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात जुना हिशेब असा आहे की तिथीला पाऊणने गुणावे, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. हा हिशेब ढोबळ आहे, तासभर मागेपुढे होतो, पण सावध राहण्यास पुरेसा आहे.

आपल्या घरांत तिथी माहीत नसते, परंतु चांदाची तारीख लहान मुलालाही माहीत असते. चांद दिसल्यावर आपली एक तारीख लागते, तेव्हा तिथी बहुधा द्वितीया किंवा तृतीया असते. म्हणून चांदाच्या तारखेत एक, कधी दोन मिळवावे, म्हणजे तिथी आली. बेरीज पंधरापेक्षा जास्त झाली तर त्यातून पंधरा वजा करावे. २०२३ साली ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या होत्या, हे वाचकांना आठवत असेल. म्हणजे बासी ईदला चतुर्थी. चार पाऊणे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, सकाळी नऊला ओहोटी. साडेअकराला आमच्या मंडळींनी जी मोकळी वाळू पाहिली ती पाणी चढतानाची वाळू होती.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. रमजान ईद शव्वालच्या पहिल्या तारखेला, म्हणजे अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांत येते. म्हणून ईदच्या सहलीचे दिवस दरवर्षी उधाणाच्या मागेपुढेच पडतात. त्या दिवसांत ओहोटीला पाणी फार लांब जाते आणि किनारा मोठा दिसतो. तेच पाणी सहा तासांत सगळी वाळू परत घेते, आणि भर दुपारी, ऐन जेवणाच्या वेळेनंतर घेते. बकरी ईद दहा तारखेची, तेव्हा भरतीचा जोर कमी असतो आणि दुपारी ओहोटी असते. परंतु २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती जूनमध्ये आली. जूनचा समुद्र पाहावा तो दुरूनच. जून-जुलैत यांत्रिक मच्छीमारी बंद असते. ज्यांचा तो धंदा आहे ते ज्या पाण्यात उतरत नाहीत, तेथे आपण कशाला उतरावे?

आणि लहान भरती म्हणजे धोका नाही असेही कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या समाजातील मुले-मुली होती. तो दिवस उधाणाचा नव्हता, वद्य अष्टमीचा होता. दुपारी ओहोटी संपून पाणी चढू लागण्याची ती वेळ. फार खोल गेल्यानेच माणूस बुडतो असे नाही. परत फिरणाऱ्या पाण्याची ओढ कमरेएवढ्या पाण्यातूनही माणसाला आत नेते. जेथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत दिसतो, तेथेच ही ओढ असते, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे, ओढ सुटली की मग आत यावे. पोहता येत नसेल तर गुडघ्यापुढे जाऊ नये, आणि बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकू नये. दोर, रिकामे प्लास्टिकचे डबे, जे हाती असेल ते फेकावे.

वाळूवर चाक नको

गाडी डांबरी किंवा पक्क्या रस्त्यावर ठेवावी आणि पुढे पायी जावे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे आणि पोलीस कारवाईही करतात. बंदीचा फलक नसला तरी नियम हाच. वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात, चाकाखाली ती चिरडतात, हेही ध्यानात असावे.

तरीही चाक रुतलेच तर आधी माणसे, विशेषतः मुले, उतरवून वर पाठवावीत. ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. चाकांपुढची वाळू हाताने काढावी, चाकाखाली फळ्या किंवा माडाच्या झावळ्या घालाव्यात, टायरची हवा थोडी कमी करावी आणि हळू गियरमध्ये गाडी काढावी. पाणी जवळ येत असेल तर गाडीचा लोभ सोडावा. इंजिनात पाणी गेल्याचा संशय असेल तर किल्ली फिरवू नये. पाण्यासह फिरवलेल्या इंजिनाचे नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. गाडी ओढून न्यावी आणि लवकरात लवकर गोड्या पाण्याने धुवावी.

वाट आणि गावे

आमच्याकडून जाणाऱ्याने पनवेल, कर्नाळा, पेण करून वडखळला यावे. तेथून एक रस्ता अलिबागला जातो. पुढे रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरूड. काशीदची वाळू पांढरी आणि सुंदर, पण तेथील लाटांनी अनेक जीव घेतले आहेत. मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी बोट आहे. दिघीपुढे दिवेआगरवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला धरून जातो. दुसरी वाट महामार्गाने माणगाव आणि तेथून म्हसळ्याची. हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला बोटीने गेले की रत्नागिरी जिल्हा लागतो. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले.

हे सारे रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत. एस.टी. समोर आली तर मागे घेण्याची तयारी ठेवावी. इंधन माणगाव किंवा अलिबागलाच भरून घ्यावे. बोटीची शेवटची फेरी केव्हा, हे जातानाच विचारावे. बोटीवर गाडी गियरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि माणसांनी खाली उतरावे. रात्री अनोळखी उताराने किनारा शोधू नये.

एकांताचा किनारा पाहावयाचा असेल तर आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग असा. आपली गाडी गावात ठेवावी आणि गावातली मिनिडोर किंवा रिक्षा घ्यावी. तिच्या चालकाला पाण्याची वेळ, खडक आणि ओढीची जागा ठाऊक असते. त्याला चार पैसे मिळतात, आपल्याला वाटाड्या मिळतो. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या बाजूला आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे. एखाद्या घरी सलाम करून विचारावे, "चाचा, येथे पाणी कसे आहे?" आणि म्हातारा नको म्हणाला तर परत फिरावे. घरी कोणाला तरी किनाऱ्याचे नाव आणि परतण्याची वेळ सांगून निघावे, कारण पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. संकटात ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४.

सातासमुद्रापलीकडचे उदाहरण

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस हे बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब. क्रिकेटमुळे त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. परंतु कापडवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत जिल्ह्यातील मुसलमान फेरीवाले तेथे गेले, गठ्ठे घेऊन घरोघर कापड उधारीवर विकले, आठवड्याला हप्ता गोळा केला आणि तेथेच स्थिरावले. आज त्या बेटाला पर्यटकांवर मोठी कमाई होते, आणि पर्यटक भाड्याच्या गाडीने किनारे पाहत फिरतात. तेथे भाड्याच्या गाडीचा नंबर इंग्रजी ‘एच’ अक्षराने सुरू होतो, म्हणजे चालक परका आहे हे कोणालाही कळते. बेटाचा पश्चिम किनारा शांत आणि पूर्वेचा, अटलांटिक महासागराकडचा, खवळलेला. पूर्वेला बाथशेबा येथे लोक समुद्र पाहावयास जातात, पण पोहण्यास तो धोक्याचा मानतात. म्हणजे पाटीची खूण आणि किनाऱ्याची जात, या दोन गोष्टी तेथेही आधी पाहतात. आपल्याकडे दोन्ही आहेत, पाहण्याची सवय तेवढी नाही.

धंदा म्हणून करणाऱ्यांसाठी

आमच्या तरुणांनी गाड्या भाड्याने देऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. द्याव्यात, पण रीतसर. १९८९ च्या योजनेत मोटारींसाठी किमान ५० गाड्यांची अट घातली गेली, ती लहान माणसाच्या आवाक्यातली नव्हे. १९९७ च्या मोटारसायकल योजनेत मात्र अट किमान ५ मोटारसायकलींची आहे. दोघा-तिघा भागीदारांना ती जमू शकते. आणि ज्याच्याजवळ एकच गाडी आहे त्याने ती पिवळ्या पाटीवर घेऊन चालकासह द्यावी. कर आणि विमा जास्त पडेल, पण एका अपघाताने सारे भांडवल बुडणार नाही. नियम बदलत असतात, म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी पनवेलच्या आर.टी.ओ. कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. गाडीबरोबर ग्राहकाला भरतीच्या वेळेची एक चिठ्ठी द्यावी. त्या चिठ्ठीला खर्च काही नाही.

आमचा तो कारागीर गेल्या ईदला दुकानात आला होता. आम्ही त्याच्याकडे ओढण्यांवरच्या कामाची मोठी ऑर्डर दिली. या वेळी दोन प्रतींत लिहून, दोघांच्या सह्या करून. कागद घडी करून खिशात ठेवताना तो हसला आणि म्हणाला, "सेठ, हेच तेव्हा केले असते तर?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. बासी ईदला भाचा पुन्हा किनाऱ्यावर गेला, पिवळ्या पाटीच्या गाडीने. निघण्यापूर्वी दाराशी उभा राहून बोटांवर मोजत होता, आज चांदाची तारीख किती आणि पाणी किती वाजता.